डिफ्यूजन एमआरआयला दुसऱ्या तपासणीची जोड देताना या चुका टाळा

डिफ्यूजन एमआरआय एक गोष्ट फार चांगली सांगतो: ऊतकातल्या पाण्याच्या रेणूंना हालायला किती मोकळीक आहे. ती मोकळीक कशामुळे घटली, हे मात्र तो सांगत नाही. ताज्या स्ट्रोकमध्ये पेशी फुगतात आणि त्यांच्यामधली जागा आवळते, गळूमध्ये पू घट्ट असतो, लिम्फोमात (लसीका पेशींच्या कर्करोगात) पेशींचीच दाटी असते. पडद्यावर तिन्ही ठिकाणी जवळपास सारखंच दिसतं. म्हणून परफ्यूजन (रक्तपुरवठा मोजणारं), एसडब्ल्यूआय (रक्तातलं लोह टिपणारं), स्पेक्ट्रोस्कोपी (ऊतकातली रसायनं मोजणारी), पेट (पेशींचा चयापचय दाखवणारा स्कॅन) अशी जोड द्यावी लागते. सुट्या तपासण्या नीट होतात; घोळ होतो तो त्या जोडताना.

चमकलं म्हणजे रिस्ट्रिक्शन (पाण्याची हालचाल अडलेली), असं धरून चालणं

बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनची संवेदनशीलता ठरवणारा आकडा) १००० चं चित्र उघडलं, ठिपका पांढरा दिसला, आणि रिपोर्टमध्ये लगेच 'रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन' लिहून मोकळे. या चित्रात टी-टूचा (पाणी उजळ दाखवणाऱ्या नेहमीच्या एमआरआय चित्राचा) वाटा मुळातच असतो. टी-टूवर पांढरी असलेली जुनी जखम इथेही पांढरी दिसू शकते. हाच तो टी-टू शाइन-थ्रू. एडीसी मॅप, म्हणजे पाण्याची हालचाल आकड्यांत दाखवणारा नकाशा, शेजारी लावा. ठिपका तिथे काळा असेल तर रिस्ट्रिक्शन खरं, पांढरा असेल तर नाही. यकृतातला हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची सौम्य गाठ) याच कारणाने अनेकांना फसवतो.

एडीसीचा आकडा दुसऱ्या तपासणीशी ताडणार असाल, तर आधी तो आकडाच विश्वासाचा आहे का ते बघा. दर सेकंदाला चौरस मिलिमीटरचा हजारावा भाग हे एकक धरलं, तर निरोगी प्रौढ मेंदूचा एडीसी साधारण ०.७ ते ०.८ येतो आणि व्हेंट्रिकलमधल्या (मेंदूतल्या पोकळीतल्या) पाण्याचा ३ च्या आसपास. व्हेंट्रिकलच्या मधोमध, कडा टाळून, एक छोटा गोल काढा. तिथे ३ च्या जागी २ आला तर गाठीच्या आकड्यावरही भरवसा ठेवू नका. ३००० आला तर घाबरायचं कारण नाही, त्या वर्कस्टेशनवर एकक दहा लाखाव्या भागाचं आहे. मशीनची तपासणी करणारे लोक बर्फाच्या पाण्यातला फँटम (चाचणीचा नमुना) वापरतात, कारण ० अंशावर पाण्याचा आकडा ठरलेला असतो, १.१.

रक्त आहे का हे न बघता एडीसी वाचणं

रक्तस्रावातलं लोह स्थानिक चुंबकीय क्षेत्र बिघडवतं. त्यामुळे सिग्नल पडतो आणि एडीसी मॅपवर जे उरतं त्याला फारसा अर्थ नसतो. एसडब्ल्यूआय किंवा ग्रेडियंट एको (रक्त टिपणारा दुसरा स्कॅन) सोबत नसेल, तर रक्ताळलेली गाठ आणि पुवाचं गळू यांत गल्लत होणं सहज शक्य आहे. हीच जोड उलट्या बाजूनेही कामाला येते: पुवाच्या गळूच्या भोवती एसडब्ल्यूआयवर बऱ्याचदा दोन कडी दिसतात, बाहेर काळं, आत पांढरं. क्षयाच्या किंवा बुरशीच्या गळूत डिफ्यूजन अर्धवटच अडलेलं असू शकतं. तिथे स्पेक्ट्रोस्कोपी घ्यावी, पण व्हॉक्सेल (मोजणीचा छोटा ठोकळा) पोकळीच्या आत बसवावा. भिंत किंवा कवटीजवळची चरबी आत आली की लॅक्टेट आणि लिपिड वेगळे करता येत नाहीत.

घड्याळ विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे.

रुग्ण झोपेतून उठला तो एक हात लुळा पडूनच. झटका कधी आला, कोणालाच माहीत नाही. डिफ्यूजनवर डाग स्पष्ट आहे, फ्लेअरवर (दुसऱ्या प्रकारच्या एमआरआय चित्रावर) त्या जागी काही नाही. डिफ्यूजन काही मिनिटांत बदलतं, फ्लेअर उजळायला काही तास लागतात. म्हणून ही तफावत दिसली तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला आहे असं धरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेक-अप चाचणीत नेमक्या याच निकषावर रुग्ण निवडून अल्टेप्लेज (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध) दिलं गेलं, आणि तीन महिन्यांनंतर त्यांची स्थिती प्लासिबो मिळालेल्यांपेक्षा सरस निघाली. पण फ्लेअरची खिडकी, म्हणजे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट, हवी तशी ओढली तर असलेला डाग नाहीसा करता येतो आणि नसलेला उभा करता येतो. दुसऱ्या बाजूच्या तशाच भागाशी तुलना करूनच ठरवा.

त्याच वर्षीच्या डिफ्यूज-३ चाचणीत ६ ते १६ तासांमधल्या रुग्णांसाठी परफ्यूजनची जोड होती: मेलेला गाभा ७० मिलिलिटरपेक्षा कमी, रक्तपुरवठा खालावलेला भाग त्याच्या किमान १.८ पट, आणि दोन्हींतला फरक किमान १५ मिलिलिटर. सॉफ्टवेअर हे आकडे रंगीत चित्रासकट काढून देतं आणि तिथेच माणूस सैलावतो. खालावलेला भाग मोजायला टीमॅक्स (रक्त पोहोचायला होणारा उशीर) ६ सेकंदांपेक्षा जास्त हा निकष वापरतात. मानेतली धमनी वर्षानुवर्षं अरुंद असेल, तर रक्त वळसा घालून येतं आणि टीमॅक्स तसाही लांबलेला असतो. आजच्या झटक्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. म्हणून रंगीत नकाशाबरोबर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र) बघितल्याशिवाय मिसमॅच (गाभ्याबाहेर वाचवता येण्याजोगा भाग) आहे असं म्हणू नये.

घड्याळाची दुसरी बाजूही आहे. आठवडा-दहा दिवसांनी खालावलेला एडीसी वर चढताना नेहमीच्या पातळीवरून जातो. त्या दिवसांत एडीसी 'नॉर्मल' दिसतो आणि कोणी म्हणतं, स्ट्रोक नाहीच. पहिल्या काही तासांत, विशेषतः ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात), डिफ्यूजन कोरं असूनही स्ट्रोक असू शकतो. चक्कर, तोल जाणं, डोळ्यांची विचित्र हालचाल अशी लक्षणं ठाम असतील तर कोऱ्या स्कॅनवर विसंबून रुग्णाला घरी पाठवू नये, स्कॅन पुन्हा करावा. इथे डिफ्यूजनला द्यायची जोड म्हणजे चांगली शारीरिक तपासणी, आणि तिला मशीन लागत नाही.

दोन चित्रं आपोआप जुळतात असं समजणं

डिफ्यूजन बहुतेक वेळा एको-प्लॅनर पद्धतीने घेतात. ती वेगवान आहे, पण हवा आणि हाडाच्या शेजारी प्रतिमा ओढली जाते, कधी कधी काही मिलिमीटर. सायनसच्या वर, कानाच्या हाडाजवळ, गुदाशयात वायू असेल तर प्रोस्टेटमध्ये हे हमखास दिसतं. टी-टूवर गाठीभोवती काढलेली रेघ जशीच्या तशी एडीसीवर चिकटवली, तर निम्मी रेघ भलत्याच ऊतकावर पडते आणि सरासरी बिघडते. पेटशी फ्यूजन करतानाही तेच. सॉफ्टवेअरवर 'रजिस्टर्ड' लिहून येतं, त्याने समाधान मानू नका. व्हेंट्रिकलची किंवा मूत्राशयाची कडा दोन्ही चित्रांत एकावर एक येते का ते डोळ्यांनी बघा. प्रोटोकॉल तुमच्या हातात असेल तर फेज-एन्कोडिंग उलटं करून एक छोटा स्कॅन जास्तीचा घ्या, म्हणजे ही ओढाताण नंतर बरीचशी दुरुस्त करता येते.

डीटीआय (मज्जातंतूंची दिशा शोधणारं डिफ्यूजन) करणाऱ्यांसाठी एक टीप: रुग्ण हलला म्हणून प्रतिमा फिरवल्या असतील तर ग्रेडियंटच्या दिशांचा तक्ताही तेवढाच फिरवावा लागतो. तो तसाच ठेवला तर तंतूंची दिशा चुकते, आणि चित्र दिसायला इतकं सुबक येतं की शंकाही येत नाही. एफए (पाण्याची हालचाल किती एकाच दिशेची आहे ते सांगणारा आकडा) कमी आला म्हणजे तंतू तुटले असंही नाही. जिथे दोन तंतुमार्ग एकमेकांना छेदतात तिथे तो निरोगी माणसातही कमीच येतो.

सगळ्यांना समान मत देणं

तीन तपासण्या, तीन गुण, बेरीज करा आणि भागा. हे लोकशाहीत ठीक, निदानात नाही. प्रोस्टेटसाठी पाय-रॅड्स या गुणपद्धतीने हे स्वच्छ मांडलं आहे: पेरिफेरल झोनमध्ये (बाहेरच्या भागात) मुख्य शब्द डिफ्यूजनचा, ट्रान्झिशन झोनमध्ये (आतल्या भागात) टी-टूचा. कॉन्ट्रास्टचं (शिरेतून दिलेल्या औषधाने उजळलेल्या चित्राचं) काम मर्यादित, पेरिफेरल झोनमधल्या ३ गुणाला ४ वर नेण्यापुरतं. तेव्हा गाठ कोणत्या झोनमध्ये आहे हे आधी ठरवा. ट्रान्झिशन झोनमधल्या सौम्य वाढीच्या गाठीसुद्धा एडीसी मॅपवर गडद दिसतात, आणि डिफ्यूजनलाच प्रमाण मानलं तर विनाकारण बायोप्सी होते. नुकतीच बायोप्सी झालेली असेल तर टी-वन (आणखी एक एमआरआय चित्र) बघून रक्त आहे का ते तपासा. शक्य असेल तर सहा आठवडे तरी थांबा.

तपासण्यांचं पटत नसेल तर एकीला गप्प बसवणं

पेटवर गाठ थंड, डिफ्यूजनवरही एडीसी चढा, म्हणून सौम्य? म्युसिनस (श्लेष्मा तयार करणारा) कर्करोग नेमका असाच वागतो. उलट, ग्रोथ फॅक्टरचं (रक्तपेशी वाढवणारं) इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाची अस्थिमज्जा डिफ्यूजनवरही उजळते आणि एफडीजीही (पेटसाठी दिलेली साखर) भरपूर घेते. दोन तपासण्या एका सुरात चुकतात, कारण दोघींवर पेशींच्या दाटीचा परिणाम होतो. मेंदूच्या गाठींत परफ्यूजन डिफ्यूजनपेक्षा वेगळा प्रश्न विचारतं, म्हणून ते जास्त उपयोगी पडतं. लिम्फोमात एडीसी खूप खाली, पण रक्ताचं आकारमान ग्लिओब्लास्टोमाएवढं (मेंदूच्या आक्रमक कर्करोगाएवढं) वाढलेलं सहसा नसतं. फक्त कॉन्ट्रास्ट गळत असेल तर गळतीची दुरुस्ती केल्याशिवाय तो आकडा वाचू नका, तो फसवा येतो, बऱ्याचदा कमी. बेव्हासिझुमॅब (रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध) चालू असताना कॉन्ट्रास्ट घेणारा भाग झपाट्याने आक्रसतो, आणि त्याच जागी एडीसी खालावत असेल तर गाठ मागे हटली असं लिहिण्याची घाई करू नये.

मतभेद असेल तर तो रिपोर्टमध्ये तसाच उतरवावा, पुढचं पाऊल सांगून: 'परफ्यूजन वाढलेलं नाही, मात्र एडीसी आधीच्या स्कॅनपेक्षा कमी; पुनरावृत्तीची शक्यता नाकारता येत नाही, सहा ते आठ आठवड्यांत त्याच प्रोटोकॉलने स्कॅन करावा.' यातला 'त्याच प्रोटोकॉलने' हा भाग गाळू नका. बी-व्हॅल्यू किंवा मशीन बदललं तर नंतरचा फरक गाठीचा की मशीनचा, हे सांगता येणार नाही.