कॅडसाठी बजेट पीसी जोडताय? या चुका टाळा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला जाऊन नुसतं 'इंजिनिअरिंगसाठी पीसी हवाय' म्हणालात की हातात गेमिंगचं कोटेशन पडतं, लाइटवाले फॅन, काचेचा कॅबिनेट, आणि रॅम मात्र ८ जीबी. त्यामुळे ग्रँट रोडला उतरायच्या आधी घरीच ठरवा की कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइनचं, काम नक्की कशावर करायचंय. ऑटोकॅडमध्ये टूडी ड्रॉइंग, सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली की रेंडरिंग (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र बनवणं), तिन्हीचे पार्ट वेगळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) मोजून प्रोसेसर घेणं. सेकंडहँडमध्ये झिऑनच्या, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर-वर्कस्टेशनवाल्या प्रोसेसरच्या, मशीन भरपूर मिळतात, 'चौदा कोअर आहेत, वर्कस्टेशन आहे' असं सांगून विकतात, आणि ऐकायला भारीच वाटतं. पण सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रिबिल्ड होताना एकेक फीचर आधीच्या फीचरवर अवलंबून असतं, आधी स्केच, मग एक्स्ट्रूड, मग त्यावर फिलेट, म्हणजे हे काम चौदा जणांत वाटताच येत नाही, बराचसा भार एकाच कोअरवर येतो. झिऑन ई५-२६८० व्ही४ जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि साधा आय३-१२१०० चार कोअरचा असून ४.३ पर्यंत, शिवाय त्याचा कोअर कितीतरी नवीन. मॉडेलिंगला आय३च पुढे राहणार. दिवसभर रेंडरच मारायचे असतील तर जास्त कोअर कामाला येतात, ते खरं. पण त्या जुन्या झिऑनला विंडोज ११चा अधिकृत सपोर्ट नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हेही धरून चाला.

हे स्वतः तपासून बघा. मोठी फाइल अडकली की टास्क मॅनेजर उघडा. आठ थ्रेडच्या (एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या) मशीनवर सीपीयू १२-१३ टक्केच दिसतो आणि सॉफ्टवेअर मात्र हलत नाही, याचा अर्थ एक थ्रेड पूर्ण भरलाय, बाकीचे बसून आहेत. अशा वेळी रॅम वाढवून काही होत नाही. रॅमचा आकडा ९० टक्क्यांच्या वर असेल तरच रॅम घ्या.

रॅम १६ जीबीच्या खाली नकोच, आणि ८-८च्या दोन स्टिक घ्या म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही स्टिक एकत्र चालून स्पीड वाढतो. एच६१० चिपसेटच्या मदरबोर्डाला रॅमचे स्लॉटच दोन, पुढे ३२ करायचं पक्कं असेल तर चार स्लॉटवाला बघा. डीडीआर४च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, विचारून घ्या. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग, चालू केली नाही तर महागडी रॅमसुद्धा कमी स्पीडला पळत राहते.

ग्राफिक्स कार्डाची घाई नको. टूडी आणि छोट्या पार्टला प्रोसेसरमधलंच ऑनबोर्ड ग्राफिक्स चालतं, फक्त इंटेलचा 'एफ'वाला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतंच. सॉलिडवर्क्स सिरियसली करणार असाल तर त्यांच्या सर्टिफाइड यादीतलंच कार्ड घ्या. एनव्हीडिया टी१००० ला वेगळी पॉवर केबलही लागत नाही, पण त्याचे पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, तेव्हा मॉनिटर एचडीएमआयचा असेल तर अ‍ॅडॉप्टर त्याच दुकानातून घ्या, नाहीतर घरी येऊन पुन्हा ट्रेन. आणि केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डाला लावली तर कार्ड नुसतं बसून राहतं.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कृपा करून नका वापरू, चांगल्या कंपनीचा वेगळा घ्या, बोर्ड आणि कार्ड दोन्ही त्याच्यावर चालतात.

आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने अजून एक होतं: पीसी चालू होतो, फॅन फिरतो, डिस्प्ले नाही. लगेच बोर्ड गेला समजून पैसे घालवू नका. प्लग काढा, रॅम बाहेर काढून सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने घासा, कचरा पुसा, क्लिक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच चालू होतो. नाहीच झाला तर एक-एक स्टिक लावून बघा, आणि जीएसटीचं बिल शोधून ठेवा, वॉरंटीला तेच मागतात.