खंड्याची चोच तपकिरी का झाली? रंगीत लिनोकट करताना या चुका टाळा

रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूला तारेवर बसलेला खंड्या बघून मी पहिलं रंगीत लिनोकट करायला घेतलं. लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा (ब्लॉक) कोरून, न कोरलेल्या भागाला शाई लावून कागदावर काढलेला छाप. तपकिरी डोकं, पांढराशुभ्र गळा, निळी पाठ, लालभडक चोच. आठवडाभर खपून बारा प्रिंट काढल्या आणि बाराही खंड्यांच्या चोची विटकरी तपकिरी! आधी निळा सगळ्या ब्लॉकवर फिरवला, मग त्यावर लाल चढवला. दुसरं काय होणार?

एकाच ब्लॉकवर थोडं कोरायचं, एक रंग छापायचा, पुन्हा कोरायचं, पुढचा रंग छापायचा, ही रिडक्शनची पद्धत. तिला सुसाइड प्रिंटही म्हणतात, कारण कोरलेलं परत येत नाही. फिक्याकडून गडदाकडे जायचं हा नियम बरोबर, पण लाल आणि निळ्यात फिका कोण? इथे नियम सोडा आणि पक्षी बघा. खंड्याची चोच आणि पाठ एकमेकांपासून लांब आहेत. मग पांढरा भाग कोरून झाल्यावर छोट्या रोलरने चोचीला आणि डोक्याला लाल लावा, दुसऱ्या रोलरने पाठीला निळा, आणि दोन्ही एकाच दाबात छापा. नंतर चोच आणि निळा ठेवायचा भाग कोरून काढा. डोक्यावर तपकिरी छापला की खालचा लाल त्याला ऊब देतो. शेवटी पंखाच्या काळ्या रेघा आणि डोळा. हे सगळं कोरण्याआधी ट्रेसिंग पेपरवर रंगीत पेन्सिलीने, एकेका रंगाचा एकेक कागद करून बघा. तोच कागद उलटा ठेवून चित्र लिनोवर उतरवा, नाहीतर खंड्या दुसरीकडे बघेल. ते कुणाला कळणार नाही म्हणा, पण अक्षरं असतील तर पंचाईत.

कागद मोजून घेऊ नका. बारा प्रती हव्यात तर सोळा कागदांवर पहिला रंग छापा. पुढे दोनचार बिघडतातच, आणि मागे जायची सोय नाही.

रंग सरकतात, ही सगळ्यांची तक्रार. टेबलावर जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा. ब्लॉक दर वेळी त्याच कोपऱ्यात, कागदाच्या कडा ठरलेल्या खुणांना. ब्लॉकच्या पाठीवर ‘वर’ लिहून बाण काढा. हसू नका, मी एकदा उलटा ठेवलाय. आणि आषाढातली आपली कोल्हापुरी हवा! उघडा राहिलेला कागद दमट होऊन फुगतो आणि कडा जुळत नाहीत. कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि गडद आकार फिक्याच्या कडेवर किंचित चढू द्या.

शाई किती लावायची ते कानाला विचारा. काचेवर रोलर फिरवताना रेशमी साडीसारखी बारीक सळसळ ऐकू आली पाहिजे. चटचट चिकट आवाज आला तर शाई जास्त आहे. पिसांच्या बारीक रेघा बुजणार. प्रिंटवर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर शाई किंवा दाब कमी. कागद पूर्ण उचलू नका, एक कोपरा उचलून बघा, परत टेकवा आणि चमच्याच्या पाठीने तेवढीच जागा घासा.

ऑफसेटची, म्हणजे छापखान्यातली तेलकट शाई वापरत असाल तर घाई नको. मे महिन्यात माझ्याकडे दुसऱ्या दिवशी पुढचा रंग चढतो, जुलैत पंख्याखाली दोरीवर लटकवूनही तीनचार दिवस जातात. ओल्यावर छापलं की खालचा रंग उचलून ब्लॉकवर येतो. कडेच्या रंगाला बोट टेकवून वाळलाय का बघा.

लिनो कडक लागत असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. दुसरा हात हत्याराच्या पुढे कधीच नको.

आणि डोळ्यातला तो पांढरा ठिपका. तो पहिल्याच फेरीत, कुठलाही रंग लावायच्या आधी कोरायचा असतो. विसरलात तर शेवटी टोकदार ब्रशने पांढरा पोस्टर कलर टेकवा. माझ्या सोळापैकी नऊ खंड्यांचे डोळे तसेच उघडलेत.