अण्णांची जुनी पटकथा एआय सॉफ्टवेअरमध्ये घेताना

अण्णांनी २००३ साली गुऱ्हाळावर लिहिलेली पटकथा माझ्याकडे दोन रूपांत होती. एक सुतळीनं बांधलेला १३२ पानांचा प्रिंट, दुसरी सीडीवरची वर्डची फाइल. अण्णा गेले, सिनेमा करायचा राहूनच गेला. यंदा एका निर्मात्यानं गोष्ट ऐकली आणि चित्रं मागितली. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रं, करणाऱ्या चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून पटकथेतून दृश्यं, पात्रं आणि शॉट वेगळे काढून चित्रं करून देणारं एआय सॉफ्टवेअर घेतलं. फाइल चढवली. ८४ दृश्यांच्या जागी एकच दृश्य आलं आणि पात्रं शून्य.

कोल्हापुरात सहाय्यक दिग्दर्शक म्हणून मी बावीस वर्षं काम करतोय. पटकथेची फोड हाताने, वहीत करत आलो. पुढचे तीन आठवडे या फाइलशी झुंजण्यात गेले. आपल्याकडच्या बऱ्याच लेखकांच्या कपाटात अशाच फाइली पडून आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी परवानगी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, आणि तो कुणाला विकलेला नसेल तर वारसांकडे असतो. अण्णांच्या वारस म्हणून मी काकूंकडे गेलो, काय करणार ते समजावलं आणि कागदावर सही घेतली. सॉफ्टवेअरच्या अटीही वाचा. तुमची पटकथा त्यांचं मॉडेल शिकवायला वापरली जाणार का, हे तिथं लिहिलेलं असतं. बंद करायची सोय असेल तर पहिली फाइल चढवायच्या आधी ती बंद करा. ती सोय नसेल तर दुसरं सॉफ्टवेअर बघा. दुसऱ्याचं लेखन आपल्या हातात असताना यात तडजोड नको.

आता फाँट. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडा आणि फाँट बदलून मंगल करा. मराठी तसंच राहिलं तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणाऱ्या मराठीत, आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर ती जुन्या डीटीपी (संगणकावरच्या छपाई-मांडणीच्या) फाँटमधली आहे. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. आपल्याला मराठी दिसतं, यंत्राला मात्र निरर्थक इंग्रजी मिळतं. अण्णांची फाइल अशीच होती. यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण नेमका तोच फाँट ओळखणारा हवा. श्रीलिपी आणि आयएसएम ही मराठी टायपिंगची दोन वेगळी सॉफ्टवेअरं, एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याच्या मजकुरावर चालत नाही. आधी एकच पान बदला आणि प्रिंट शेजारी ठेवून वाचा. सुऱ्या, ज्ञानू, दृष्ट, शृंगार, ट्रॅक्टर, ऑफिस, पूर्वी असे शब्द मुद्दाम शोधा. घोळ रफार, जोडाक्षरं आणि चंद्र यांतच होतो.

जुन्या फाइलची पीडीएफ करून चढवायचा मोह होतो, कारण पीडीएफ सगळीकडे चालते. मराठीसाठी ती वाट टाळा. पीडीएफमधून मजकूर उपसताना बरेचदा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे सुटी पडते, जोडाक्षरं तुटतात आणि वाक्य वाचता येत नाही. नुसता कागदच हाती असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. देवनागरी छापील मजकूर बऱ्यापैकी उतरतो. तरी प्रत्येक पान ताडून बघावं लागतंच.

यानंतरचं काम सगळ्यात वेळखाऊ. आपल्याकडे बहुतेकांनी दोन रकान्यांत लिहिलं आहे, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद. यंत्राला एका रकान्यात, वरून खाली हवं असतं. लेखकानं वर्डचं टेबल केलं असेल आणि प्रत्येक कृती-संवादाला वेगळी ओळ दिली असेल, तर टेबलचं मजकुरात रूपांतर करायची आज्ञा पुरते. अण्णांनी मात्र एका दृश्याला एकच मोठा चौकोन ठेवला होता आणि एंटर मारमारून संवाद कृतीसमोर आणले होते. रूपांतर केल्यावर आधी सगळ्या कृती आल्या आणि मग सगळे संवाद. पटकथेतला सुऱ्या आधी विहिरीवरून परत आला आणि मग गेला. असं झालं तर यंत्रावर सोपवू नका. प्रिंट बघत हातानंच लावा. मला चार रात्री लागल्या, पण त्या चार रात्रींत पटकथा पुन्हा पाठ झाली आणि ती पुढं शॉट ठरवताना कामी आली.

मग मजकुराला खुणा करायच्या. इथं फाउंटन नावाची साधी पद्धत वापरा. जॉन ऑगस्ट आणि स्टू मॅशविट्झ यांनी २०१२ मध्ये ती पुढं आणली. कुठल्याही नोटपॅडमध्ये लिहिता येते. इंग्रजीत पात्राचं नाव मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत असतं, त्यावरून सॉफ्टवेअर ते ओळखतं. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरंच नाहीत, म्हणून त्याला प्रत्येक पात्र म्हणजे कृतीची ओळ वाटते. माझी पात्रं शून्य यायला फाँटबरोबर हेही कारण होतं. उपाय फाउंटनमध्येच आहे. दृश्याच्या मथळ्याआधी टिंब आणि पात्राच्या नावाआधी ॲटचं चिन्ह (खालच्या नमुन्यात गुळव्या म्हणजे गूळ करणारा, काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चुलवण म्हणजे तिच्याखालची चूल):

.आत. गुऱ्हाळ - रात्र

काहिलीत रस उकळतोय. गुळव्या चुलवणात चिपाडं सारतो.

@गुळव्या
(जाळाकडे बघत)
पोरा, जाळ कमी कर. बुडाला लागंल.

@सुऱ्या
किती येळ आजून?

नावाच्या वर एक ओळ मोकळी हवी, नाव आणि संवाद यांच्यामध्ये मात्र मोकळी ओळ नको. काही सॉफ्टवेअरं टिंबाला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी 'आत' आणि 'बाहेर' ऐवजी इंटिरियर-एक्स्टिरियरची रूढ संक्षिप्त रूपं (INT., EXT.) रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत लिहा आणि पुढचं स्थळ मराठीत ठेवा. दृश्यक्रमांकही इंग्रजी अंकांत द्या. तुमचं सॉफ्टवेअर फाउंटन घेत नसेल तर मॅकवरच्या बीट या मोफत ॲपमध्ये फाइल उघडून एफडीएक्स करून घ्या. फायनल ड्राफ्ट या पटकथा लिहायच्या सॉफ्टवेअरचं ते रूप बहुतेक ठिकाणी चालतं.

चढवताना आधी तीनच दृश्यं चढवा: एक घरातलं, एक बाहेरचं, एक गर्दीचं. मग पात्रांची यादी उघडा, चुका तिथं लगेच दिसतात. माझ्या यादीत सुऱ्या दोनदा होता. 'ऱ्या' दोन रीतींनी टाइप होतो, दिसायला एकच, यंत्राला दोन माणसं. 'ॲ' चंही तसंच. आई तीनदा होती: 'आई', 'सुऱ्याची आई' आणि 'आईः'. शेवटच्या नावात टायपिस्टनं अपूर्णविरामाऐवजी विसर्ग मारला होता, ही चूक मराठी पटकथांत पानोपानी सापडते. हे सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करत बसू नका. मूळ फाइलमध्ये 'शोधा आणि बदला' करून एका पात्राला एकच नाव द्या आणि पुन्हा चढवा. नाहीतर एकाच आईचे तीन चेहरे तयार होतात.

सिनेमाच्या लांबीचा अंदाज सॉफ्टवेअर आपोआप दाखवतं. त्यावर विसंबू नका. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब कुरियर फाँटातल्या १२ पॉइंटच्या इंग्रजी पानाचा आहे. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा.

शब्दांपाशी मात्र थांबा. पहिल्या चित्रात आजोबा मखमली सोफ्यावर बसले होते. पटकथेत लिहिलं होतं, 'आजोबा सोप्यात बसलेत.' आमच्याकडं सोपा म्हणजे घराची पुढची, उंबऱ्याच्या आतली जागा. बरीच सॉफ्टवेअरं चित्र काढायच्या आधी मराठीचं पडद्याआड इंग्रजी करतात आणि असे शब्द तिथंच हरवतात. काहिलीतला गूळ 'वाफ्यात' ओतला, तर चित्रात नुसती वाफ. रसाची मळी काढायला 'भेंडी' (म्हणजे भेंडीच्या झाडाचा चिकट रस) घातली, तर ताटात चिरलेली भाजी. कोल्हापुरी फेट्याचा राजस्थानी साफा झाला.

अण्णांचे शब्द बदलायचे नाहीत, हे मी ठरवूनच बसलो होतो. म्हणून पटकथेला हात न लावता वेगळी यादी केली. ४७ शब्द निघाले, प्रत्येकासमोर साधं वर्णन: 'वाफा: जमिनीलगतचा उथळ, चौकोनी हौद, त्यात गरम गूळ निवतो.' हे वर्णन सॉफ्टवेअरमधल्या स्थळाच्या आणि वस्तूच्या रकान्यात घातलं. शिवाय पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर दिवसभर बसून काहील, चुलवण, चिपाडांची गंज आणि गुळव्याचे हात यांचे फोटो काढले आणि संदर्भचित्रं म्हणून जोडले. वर्णनापेक्षा फोटोंनी जास्त फरक पडला.

संवाद 'सुधारून' देणारी सोय असते, ती पहिल्या दिवशीच बंद करा. माझ्या एका दृश्यात 'बुडाला लागंल' चं 'तळाला लागेल' झालं होतं. गुळव्या असा बोलत नाही. काम झाल्यावर सॉफ्टवेअरमधून पटकथा परत बाहेर काढा आणि वर्डमध्ये मूळ फाइलशी तुलना करा. बदललेला प्रत्येक शब्द रंगीत दिसतो.

आणि दृश्यक्रमांक गोठवल्याशिवाय चित्रं करायला घेऊ नका. निर्मात्यानं चौदाव्या दृश्यानंतर एक नवं दृश्य मागितलं. मी पूर्ण पटकथा पुन्हा चढवली, पुढचे क्रमांक सरकले आणि त्या सगळ्या दृश्यांची चित्रं दृश्यांपासून सुटी झाली. नवं दृश्य सॉफ्टवेअरच्या आतच, 14A म्हणून घाला, आणि तोच बदल त्याच दिवशी मूळ फाइलमध्येही करून ठेवा.