जोडी जमली, पण लेंड्या घरभर?

दोन सशांची जोडी नुकतीच जमली की आधी शिकलेली ट्रेमध्येच लेंड्या टाकण्याची सवयही बऱ्याचदा बिघडते. चुकले म्हणून ओरडू नका. नव्या जागेवर ‘ही आमची’ असा शिक्का मारण्याची ती त्यांची पद्धत. काही दिवसांत निवळते.

तोवर जागा लहान ठेवा. सगळे घर एकदम मोकळे केले की संपलेच! एकच मोठा ट्रे घ्या, दोघे शेजारी शेजारी बसतील एवढा. तळाला कागदाच्या गोळ्यांचा थर आणि एका टोकाला सुके गवत भरपूर. ससा चघळता चघळताच लेंड्या टाकतो, त्यामुळे अर्धे काम गवतच करते. मांजरांच्या ट्रेमध्ये घालतात ती, ओली झाली की गोळा होणारी माती मात्र नकोच. पोटात गेली तर आतडे तुंबू शकते.

बाहेरच्या लेंड्या उचलून ट्रेमध्येच टाका. मूत टिपलेला कागदही तिथेच ठेवा, फरशी पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसा. रोज एकाच कोपऱ्यात करत असतील तर हट्ट सोडा, ट्रेच तिकडे सरकवा.

नसबंदी ताजी असेल तर असा शिक्का मारायला लावणारे हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात.