‘जवळच तर आहे’ म्हणून फसणारी सुट्टी: या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली होती. आम्ही चौघं सकाळी नऊला पुण्याहून लोणावळ्याला निघालो. अंतर जेमतेम पासष्ट किलोमीटर, पण पोचायला दीड वाजला. भुशी धरणाच्या अलीकडेच पोलिसांनी गाडी वळवायला लावली. मग गाडीतच बसून कणसं खाल्ली, चिक्की घेतली आणि परत फिरलो. रात्री पेट्रोल, टोल, पार्किंग आणि रस्त्याकडेच्या हॉटेलातलं जेवण असा हिशेब मांडल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “यात दिवेआगरला दोन रात्री राहून आलो असतो.”

त्यांचं बरोबर होतं. केरळला जायचं असलं की आपण तीन महिने आधी गाड्या बघतो, हवामान बघतो, चार जणांना विचारतो. वाईला जायचं असलं की शुक्रवारी रात्री ठरवतो. कारण? जवळच तर आहे! स्वस्तातली सुट्टी महाग पडते ती बहुतेक वेळा या एका वाक्यामुळे.

सगळे जातात त्याच दिवशी, त्याच ठिकाणी

शनिवार-रविवारशिवाय सुट्टी मिळत नाही हे अनेकांच्या बाबतीत खरं आहे. पण वर्षातून एकदा मंगळवार-बुधवारची रजा टाकून बघा. खोल्यांचे भाव उतरलेले असतात, घासाघीस करायला वाव असतो आणि मालकाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

रजा नसेल तर निदान ठिकाण बदला. पुणे-लोणावळा लोकलने जाताना एक स्टेशन अलीकडे, मळवलीला उतरा. तिथून चालत भाजे लेणी आणि पुढे लोहगड. भाजे लेणी सुमारे दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, आणि लोहगड २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. लोकलचं तिकीट माणशी एका कटिंग चहाच्या आसपास पडतं. एकच काळजी घ्या. या मार्गावर दुपारच्या लोकल विरळ असतात, म्हणून परतीची वेळ निघतानाच बघून ठेवा. नाहीतर गड उतरून फलाटावर दोन तास डुलक्या काढाव्या लागतात. आम्ही काढल्या आहेत.

ऋतू आणि भरती-ओहोटी न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक, कारण इथे पैसे जातात आणि बघायचंही राहून जातं.

जुलैत मुरूडला जाऊन जंजिरा बघता येत नाही. पावसाळ्यात तिथल्या होड्या बंद असतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसात बंद असतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली असते आणि तिचा भाव मात्र ताज्या माशाचा लावतात. त्या दिवसांत कोकणात गेलात तर खाडीचं काय मिळतंय ते विचारा, नाहीतर सरळ बिरड्याची उसळ आणि भाकरी मागा. पश्चात्ताप होणार नाही.

कासच्या पठाराचंही तसंच. बहर साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यातही पावसाप्रमाणे आठवडा पुढे-मागे होतो. ऑनलाइन नोंदणी न करता रविवारी साताऱ्याहून वर चढलात, तर फुलांपेक्षा गाड्याच जास्त दिसतील.

आता भरती-ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाटही ओहोटीलाच करायची असते. भरतीच्या वेळी त्या खडकांवर गेलेली माणसं लाटेने ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. तरीही लोक तिथे पोचल्यावर विचारतात, “पाणी कधी उतरणार?”

याचं उत्तर घरच्या कॅलेंडरवर असतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाला. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फारसं उतरतही नाही, त्यामुळे कुलाब्याची वाट कधी कधी पुरती कोरडी होत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे हटतं, पण ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. थोडक्यात, सकाळी आरामात किल्ला बघायचा असेल तर तृतीया ते षष्ठी बरी. हा हिशेब घरी बसून दिवस ठरवण्यापुरता. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचंच. ओहोटी पूर्ण होण्याच्या थोडं आधी निघायचं आणि पाणी फिरलं की किल्ल्यातून बाहेर पडायचं. उशीर झालाच तर घोडागाडी असते, पण तिचा भाव तुमच्या चेहऱ्यावरची काळजी बघून ठरतो.

गाडी म्हणजे स्वस्त, हा समज

“चौघं आहोत, मग गाडीच परवडते.” हा हिशेब आता पुन्हा एकदा करून बघा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आणि पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचंही अर्धं. आमच्या घरात मी, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि शहात्तरीच्या सासूबाई. चौघांचे मिळून पैसे दोन तिकिटांचे! आधार कार्ड मात्र जवळ हवं. वाहकाशी वाद घालून काही उपयोग नसतो, त्याला नियम पाळावा लागतो.

एसटीने जाणाऱ्यांची नेहमीची अडचण स्थानकावर उतरल्यानंतर सुरू होते. ‘निसर्गाच्या कुशीत’ असलेलं राहण्याचं ठिकाण गावापासून नऊ किलोमीटरवर निघतं, आणि रिक्षावाला जाण्यायेण्याचे पैसे मागतो. त्यामुळे एसटीने जायचं असेल तर मुक्काम गावात करा. वडाप, म्हणजे माणशी भाड्याची जीप, कुठून सुटतं ते स्थानकाबाहेरच्या चहावाल्याला विचारा. चौकशी खिडकीपेक्षा त्याला जास्त माहिती असते.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे वाई. लोक पसरणीचा घाट चढून थेट महाबळेश्वरला जातात आणि खोलीला दुप्पट भाव मोजतात. त्यापेक्षा वाईत राहा. पाचगणी बारा किलोमीटरवर, महाबळेश्वर बत्तीसच्या आसपास. एक दिवस वर जाऊन संध्याकाळी खाली या. दुसरा दिवस वाईसाठी ठेवा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, कृष्णेचे घाट, आणि तीन किलोमीटरवर मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा. वाड्यामागच्या घाटावर टांगलेली घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली, पोर्तुगीजांची आहे. यातलं काही बघायला मोठा खर्च नाही. सासूबाई घाटावर दोन तास बसून होत्या, आणि त्यांना उठवायची कुणाची हिंमत झाली नाही.

एका दिवसात पाच ठिकाणं

जुन्नरला लोक हेच करतात. सकाळी शिवनेरी, मग लेण्याद्री, ओझर, दुपारी नाणेघाट, परतताना माळशेज. कागदावर सगळं जवळजवळ दिसतं. शिवनेरीला सात दरवाजे चढून जायचं असतं, लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही उरकल्यावर गुडघे बोलायला लागतात आणि नाणेघाटात कोणी गाडीतून उतरायला तयार नसतं. तिथे सातवाहनांच्या काळातला लेख आहे, आणि जकात गोळा करण्यासाठी ठेवला होता असं सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. (टोल हा आपल्या काळातला शोध नव्हे, हे तिथे कळतं.) हे गाडीच्या काचेतून बघायचं नसतं. दिवसाला एक चढ, एवढंच ठरवा.

भाव अर्धवट विचारणं

फोनवर “दोन हजार” असं ऐकून लोक खूष होतात. ते खोलीचे की माणशी? जेवण धरून की वेगळं? मुलीचे पैसे किती, जादा गादीचे किती? कोकणात घरगुती निवासात बऱ्याचदा माणशी भाव सांगतात, आणि चौघांचा आकडा गेल्यावर कळतो. हे सगळं फोनवर विचारून मग तेच मेसेजवर लिहून पाठवायला सांगा. याचा कोणाला राग येत नाही.

जेवणाचंही आधी सांगावं लागतं. घरगुती ठिकाणी दुपारी एकला पोचून “जेवायला काय आहे?” विचारलंत तर डाळ-भात मिळेल. किती माणसं, शाकाहारी किती, मोदक हवेत का, हे सकाळी नऊच्या आत कळवा. थोडी रोख रक्कमही ठेवा. आडगावात रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत, आणि तेव्हा सगळ्यांचा चेहरा पडतो.

अडलंच तर

खोली फोटोत दिसली तशी नसेल तर बॅग उघडण्याआधी बोला. एकदा चादरीवर बसलात की बोलण्यातला जोर जातो.

पावसात वरंधासारखे घाट अनेकदा वाहतुकीला बंद केले जातात. नकाशा मात्र तोच रस्ता दाखवत राहतो. निघण्याआधी घाटाच्या पायथ्याच्या एखाद्या हॉटेलात फोन करून विचारलं तर शंभर किलोमीटरचा फेरा वाचतो.

सिंहगडाच्या पायथ्याला गाड्यांची रांग दिसली तर रांगेत उभं राहू नका. वरचं वाहनतळ भरलं की गाड्या खालीच अडवतात, आणि दोन तासांनी मिळणारं पिठलं-भाकरी तुम्हाला गोड लागणार नाही. परत फिरून खडकवासल्याच्या अलीकडे कुठेतरी चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा या.

परतीची वेळ रविवार संध्याकाळची ठेवू नका, एवढं नक्की. कोकणातून येणार असाल तर ‘मुक्कामी गाडी’ विचारून ठेवा. ही एसटी रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा हमखास मिळते. फक्त वाहक-चालक कुठे झोपलेत आणि गाडी नक्की किती वाजता हलणार हे रात्रीच विचारा. आम्ही ‘सहाची गाडी’ म्हणून पावणेसहाला पोचलो होतो. ती साडेपाचला गेली होती, आणि पुढची सव्वानऊला होती. किनारा दहा मिनिटांवर होता, म्हणून सासूबाई पुन्हा तिकडे चालायला लागल्या.