अपुऱ्या दिवसांची प्रसूती : कुटुंबाने काय ओळखावे, रुग्णालयात काय विचारावे

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांपैकी जवळपास ३० लाख एकट्या भारतात. बाळ जन्मल्यावर कुटुंबाची धावपळ सुरू होते, पण त्याचे पुढचे बरेचसे त्याआधीच्या काही तासांत ठरते.

दिवस महिन्यांत न मोजता आठवड्यांत मोजावेत. शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवाल कायम हाताशी असावा, कारण ऐनवेळी डॉक्टरांचे निर्णय याच आकड्यावर होतात. ‘सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत साफ चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना आणि मेंदूला बळ देतो.

आधीची प्रसूती अपुऱ्या दिवसांत झाली असेल, तर तो सर्वांत ठळक इशारा समजावा आणि पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगावा. जुळे गर्भ, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तक्षय, आईचे अगदी कमी वय आणि दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर यांनीही धोका वाढतो. मिश्रीचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो, कारण ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, आणि मिश्री म्हणजे तर भाजलेली तंबाखूच. अनेकदा मात्र कोणतेच कारण सापडत नाही, त्यामुळे आईला बोल लावणे अन्यायाचे आहे.

पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागले, कंबरेतून कळा आल्या, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर सकाळची वाट न पाहता १०८ किंवा १०२ वर फोन करावा. शक्यतो जिथे नवजात अतिदक्षता कक्ष आहे अशाच रुग्णालयात जावे. प्रसूती अगदी टेकलेली नसेल, तर जन्मलेल्या नाजूक बाळाला हलवण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईला हलवणे कितीतरी सुरक्षित असते.

तिथे पोहोचल्यावर विचारण्याचा पहिला प्रश्न बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या इंजेक्शनचा. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान प्रसूतीची शक्यता दिसली, तर आईला डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२ तासांच्या अंतराने देतात. त्यामुळे बाळाला श्वासाचा त्रास होण्याचे आणि दगावण्याचे प्रमाण घटते. दुसरीकडे पाठवत असतील, तर पहिला डोस निघण्याआधी मिळाला का हे पाहावे आणि त्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्यावी.

जन्मानंतर ‘बाळ काचेत ठेवले आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घालून बाळाला दोन्ही स्तनांच्या मधोमध उभे धरावे, मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवावी, म्हणजे श्वास मोकळा राहतो, आणि दोघांभोवती कापड घट्ट बांधावे. दिवसाचे किमान आठ तास हे चालावे; आई थकली असेल, तर वडिलांनी किंवा आजीने बाळाला असेच घ्यावे.

ओढून पिण्याची ताकद बाळात नसेल, तर आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध हाताने काढून द्यावे. या बाळांना आतड्यांचा एक गंभीर आजार होऊ शकतो आणि आईचे दूध त्यापासून संरक्षण देते. मध आणि गुटी अजिबात देऊ नये. शासकीय रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधे आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत.

लसी जन्मतारखेनुसार द्याव्यात, मात्र बसणे, रांगणे, बोलणे यांचा हिशेब प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावा. श्रवणचाचणी करून घ्यावी. डोळ्यांच्या बाबतीत तर एक दिवसही दवडू नये : ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी ३० दिवसांच्या आत, आणि अगदी लहान बाळाची दोन ते तीन आठवड्यांतच व्हायला हवी. बाळ वरून ठणठणीत दिसले, तरी आतला दृष्टिपटल बिघडत असू शकतो, म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर या तपासणीची तारीख आणि ठिकाण लिहिलेले नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नये.