घरीच रमणाऱ्यांनी मनाला टोचणी न लावता घरी कसे राहावे

सुट्टीच्या दिवशी बाहेर पडण्यापेक्षा घरी थांबणे ज्यांना मनापासून आवडते, त्यांना घर कधी खायला उठत नाही. घरात बसूनही मन बाहेरच्यांना उत्तरे देत राहते, हा त्यांचा खरा त्रास असतो. तो कमी करायचा तर आपण आवडीने थांबतो की धास्तीने, हे आधी पाहावे. बेत रद्द झाल्यावर नुसती सुटका वाटते, की त्या मोकळ्या वेळात करण्याजोगे काही लगेच सुचते, यावरून बराच उलगडा होतो. गर्दीची किंवा प्रवासाची भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि तिच्यामुळे नोकरी, औषधपाणी, नातीगोती अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. एरवी स्वतःला सुधारण्याच्या फंदात पडू नये. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी विभागणी मांडली तीही स्वभावांची, आजारांची नव्हे.

सर्वांत जास्त सराव लागतो तो नकार देण्याचा. आमंत्रण आले की आपण ‘बघतो, जमलं तर येतो’ असे लिहून मोकळे होतो आणि तेथेच फसतो: बोलावणारा आपल्याला धरून चालतो, आपण आठवडाभर सबबी जुळवतो, ऐन वेळी डोकेदुखीचे निमित्त पुढे करतो, आणि मग ती संध्याकाळ ‘आता बरं वाटतंय का?’ या फोनच्या धाकात जाते. त्यापेक्षा त्याच दिवशी ‘आठवणीने बोलावलंस, छान वाटलं, पण या वेळी मी घरीच थांबतोय’ एवढेच कळवावे. कारण सांगू नये, कारण सांगितले की त्यावर तोडगा निघतो. गाडी नाही म्हणावे तर कोणीतरी न्यायला हजर होते. आपण गेलो नाही तर ज्यांना खरोखर लागेल, अशा मोजक्या माणसांकडे मात्र कुरकुर न करता जावे, आणि इतरांशी फोनवर तरी बोलणे ठेवावे.

घरी थांबायचे ठरले की हाती काहीतरी असावे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे केवळ स्वतःच्या विचारांबरोबर बसवले होते. १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ महिलांनी त्या वेळात बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका देऊन घेतला. रिकामपण इतके जड जाते, आणि बटणाच्या जागी आपल्याकडे मोबाइल असतो. त्यावर इतरांच्या सहलींचे फोटो पाहत बसले की आपली संध्याकाळ उगीचच फिकी वाटू लागते. म्हणून अर्धवट राहिलेले पुस्तक, शिवणकाम किंवा दुरुस्तीला काढलेले यंत्र आदल्या रात्रीच टेबलावर मांडून ठेवावे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

शरीराची हेळसांड मात्र होऊ देऊ नये. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तो घरातही होतो.

जोडीदाराला भटकण्याची हौस असेल तर त्याला खुशाल जाऊ द्यावे, पण परतल्यावर ‘किती उशीर केलास’ असे न म्हणता तेथे काय काय झाले ते विचारावे. घरी थांबणाऱ्याला एवढे ऐकण्याइतका वेळ नक्कीच असतो.